ओसाड रुग्णालयाचे भूत आपले नव्हे

धागा लांब आहे, सवडीने वाचा. मतभेद असतील तर अवश्य मांडा, फक्त शेवटपर्यंत वाचून मांडा.

गेल्या आठवड्यात महाविद्यालयातील एका जुन्या मित्राचा निरोप आला. त्याला कमी खर्चातला भयपट करायचा आहे. तासाभराचा, स्वतःच्याच कॅमेऱ्यावर, मित्रमंडळींना घेऊन. कथा ठरलेली होती: एक बंद पडलेले रुग्णालय, रात्री आत शिरलेली पाच मुले, त्यांच्या हातांतले कॅमेरे आणि एकामागून एक नाहीशी होणारी माणसे. पुढे लिहिले होते, "तू कॉटन ग्रीनला राहतेस ना? पुढच्याच स्टेशनवर शिवडीचे टीबी हॉस्पिटल आहे. तिथली एखादी पडकी इमारत बघून ठेव. तसाही तो भाग झपाटलेला वाटतो."

या शेवटच्या वाक्याने मी अस्वस्थ झाले. मित्राला उत्तर म्हणून लिहायला घेतलेला मजकूर वाढत गेला, त्याचा हा धागा.

आधी एक कबुली. मला भयपट आवडतात, आणि स्वस्तातले अधिक आवडतात. रामसे बंधूंनी १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' महाबळेश्वरात जाऊन, मोजक्या माणसांत आणि मोजक्या पैशांत उरकला. पैसा नसला की दिग्दर्शक जागेच्या शोधात निघतो, कारण जागाच अर्धे काम करून देते. जुना वाडा, डाकबंगला, बंद गिरणी, आणि या सगळ्यांवर ताण म्हणजे बंद रुग्णालय. लांबच लांब मार्गिका, दोन्ही बाजूंना एकसारखी दारे, गंजलेल्या खाटा, चाकाची खुर्ची, लुकलुकणारी ट्यूबलाइट. नेपथ्यावर एक रुपया खर्च करावा लागत नाही. शिवाय प्रत्येक प्रेक्षकाने केव्हा ना केव्हा रुग्णालयाच्या बाकावर रात्र काढलेली असते, त्यामुळे भीतीची बेगमीही तो घरूनच घेऊन येतो.

हा साचा मात्र आला कुठून, ते पाहिले पाहिजे.

ब्रॅड अँडरसनचा 'सेशन नाइन' (२००१) अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या डॅन्व्हर्स मनोरुग्णालयात, म्हणजे प्रत्यक्ष त्याच वास्तूत चित्रित झाला. ते रुग्णालय १८७८ साली उघडले आणि १९९२ साली बंद झाले. कोरियाचा 'गोनजियाम' (२०१८) हा तर माझ्या मित्राच्या कथेचा थेट पूर्वज: बंद मनोरुग्णालय, थेट प्रक्षेपण करणारी तरुण मंडळी, नटांच्या अंगावरच बसवलेले कॅमेरे. गोनजियामचे मनोरुग्णालय खरोखरच होते आणि १९९६च्या सुमारास बंद पडले होते. गंमत अशी की चित्रीकरण तिथे झालेच नाही, ते बुसानमधल्या एका वापरात नसलेल्या शाळेत झाले. चित्रपट गाजला आणि त्याच वर्षी मूळ इमारत पाडण्यात आली.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे विचारायचा प्रश्न भुताविषयीचा नाही. ही रुग्णालये मुळात रिकामी का झाली?

अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. त्याच सुमारास मनोविकारांवरची नवी औषधे आली, पुढे धोरण बदलले आणि पुढच्या काही दशकांत ही प्रचंड वसाहतवजा रुग्णालये ओस पडली. सगळेच रुग्ण बरे होऊन सुखाने घरी गेले असे नाही. कित्येक रस्त्यावर आले, कित्येक तुरुंगात गेले. पण इमारती मात्र उभ्या राहिल्या, सुन्या, आणि पुढच्या पिढीला भुतांसाठी आयत्या मिळाल्या.

याहून बोलके उदाहरण केंटकी राज्यातल्या लुइव्हिलचे. तिथले वेव्हर्ली हिल्स हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम १९१० साली सुरू झाले. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग आलेल्या औषधांनी क्षयाचे रुग्ण इतके घटले की १९६१ साली ते बंद करावे लागले. आज ते अमेरिकेतल्या नामांकित 'झपाटलेल्या' वास्तूंपैकी एक आहे. तिकीट काढून लोक रात्री तिथे फिरतात, मृतदेह खाली नेण्याचा भुयारी मार्ग पाहतात, किंचाळतात आणि समाधानाने घरी जातात. वेव्हर्ली हिल्स ओसाड आहे, कारण तिथला रोग हटला. ते सुने वॉर्ड म्हणजे वैद्यकशास्त्राच्या विजयाचे अवशेष आहेत, आणि त्या विजयाच्या जागी लोक भूत पाहायला जातात.

आता शिवडीला या.

शिवडीचे क्षयरोग रुग्णालय चालू आहे. महानगरपालिका ते चालवते आणि देशातल्या मोठ्या क्षयरोग रुग्णालयांत त्याची गणना होते. बाह्यरुग्ण विभागापुढे सकाळपासून रांग असते. आपल्या देशाने २०२५ पर्यंत क्षयरोगाच्या निर्मूलनाचे लक्ष्य ठेवले होते. ते साध्य झालेले नाही. जगातले सर्वाधिक क्षयरुग्ण आजही भारतात आहेत, आणि नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाशी मुंबई कित्येक वर्षे झुंजते आहे. ठाण्याचे मनोरुग्णालयही १९०१ पासून आजतागायत चालूच आहे. थोडक्यात, आपल्याला अजून रुग्णालय ओसाड टाकण्याची चैन परवडलेली नाही. मित्राला हवी असलेली 'पडकी इमारत' ज्या आवारात तो शोधू पाहतो, तिथे माणसे औषधाच्या अठराव्या महिन्यात असतात, आणि कुणाची तरी आई रिकामी पाण्याची बाटली घेऊन नळ शोधत असते.

कॉटन ग्रीनला सुनसान जागा नाहीत असे मी म्हणणार नाही. स्थानकाबाहेर आलात की कॉटन एक्स्चेंजची भारदस्त इमारत दिसते, आणि पलीकडे बंदराच्या जमिनीवर गोदामांच्या रांगा. कापसाचा हा बाजार आधी कोटात भरे, मग कुलाब्याला गेला आणि १९२०च्या दशकात भराव घातलेल्या या जमिनीवर आला. येताना नाव तेवढे सोबत घेऊन आला. 'ग्रीन' म्हणण्याजोगी हिरवळ इथे मी तरी कधी पाहिलेली नाही. संध्याकाळी सातनंतर त्या गोदामांमधून एकटीने चालताना मलाही भीती वाटते. पण ती जिवंत माणसांची, आणि तिच्यावर चित्रपट काढायला वेगळे धाडस लागेल.

तर मग या परिसरात रुग्णालयाची भीती नव्हतीच का? होती. इतकी होती की तिने एकदा सरकारला आपला हुकूम मागे घ्यायला लावला. फक्त ती ओसाड रुग्णालयाची नव्हती.

कॉटन ग्रीनहून काळाचौकी, लालबाग, चिंचपोकळीचा पूल असे चालत गेलात की साने गुरुजी मार्गावर कस्तुरबा रुग्णालय लागते. पूर्वीचे नाव आर्थर रोड रुग्णालय. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढले: प्लेगच्या रुग्णाला, गरज पडल्यास बळाने, रुग्णालयात हलवले जाईल. घरे धुतली जाऊ लागली, सामान जाळले जाऊ लागले, उजेड यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. ती अक्षरे वाचता न येणाऱ्या माणसांच्या दारावर ती होती, हे लक्षात घ्या.

आणि मग अफवा उठली. रुग्णालयात नेलेल्या माणसाला उलटे टांगतात, खाली जाळ करतात आणि अंगातून ठिबकणाऱ्या तेलाची 'मोमियाई' काढतात. दुसरी अफवा त्याहून भयंकर. त्याच ऑक्टोबरात मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासले गेले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीला रुग्णांची काळजे हवी आहेत, असे लोक बोलू लागले.

मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. कुठल्याही पटकथाकाराला सुचणार नाही असे हे दृश्य आहे, आणि ते गिरणगावातल्या सामान्य माणसांनी रचलेले आहे.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणीकामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी आयुक्तांनी हुकूम सौम्य केला: ज्यांना घरीच वेगळे ठेवणे शक्य आहे त्यांना हलवले जाणार नाही. यामागे दयाबुद्धी होती असे समजू नये. लोक बिथरून शहर सोडून जातील, विशेषतः सफाई कामगार गेले तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, ही धास्ती होती. तशीही पुढच्या काही महिन्यांत जवळजवळ निम्मी मुंबई रिकामी झालीच. ओस पडली ती घरे आणि चाळी. रुग्णालये भरलेली होती.

आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि कित्येक धाग्यांतही या प्रसंगाला 'अंधश्रद्धा' असा एकशब्दी शेरा मिळतो. मला तो आळशीपणा वाटतो. क्षणभर त्या कामगाराच्या जागी उभे राहा. तुमच्या खोलीतल्या माणसाला परके लोक उचलून नेतात. तुम्हाला आत सोडत नाहीत. बायकांच्या काखेत, जांघेत परपुरुष गाठी चाचपतात. आत कोण काय खायला घालतो ठाऊक नाही. आणि बहुतेक वेळा माणूस परत येतच नाही, कारण तेव्हा प्लेगवर उपाय नव्हता आणि रुग्ण अखेरच्या अवस्थेतच तिथे पोचत. जे डोळ्यांना दिसत होते ते एवढेच: आत जिवंत माणूस जातो, बाहेर प्रेत येते. मधल्या रिकाम्या जागेत काय घडते, याचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून लोकांनी स्वतः रचले. मोमियाईची कथा वैद्यकशास्त्र म्हणून खोटी आहे. पण या राज्यकर्त्यांच्या लेखी आपल्या देहाची किंमत काय, याविषयीचे त्या माणसांचे मत म्हणून वाचली तर तिला खोटे म्हणणे मला जड जाते.

रुग्णालय ही वस्तूच लोकांना नको होती, असेही नाही. पुढे मुंबईत निरनिराळ्या जातींनी आणि धर्मसमाजांनी स्वतःची प्लेग रुग्णालये उघडली. आपल्याच माणसांनी चालवलेल्या, आत डोकावता येणाऱ्या त्या रुग्णालयांत जायला लोक तुलनेने तयार होत. (जातवार रुग्णालये ही काही अभिमानाची गोष्ट नाही, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.) पुण्याजवळ हडपसर भागात डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे आणत. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एकाच साथीतल्या, काही महिन्यांच्या अंतराने घडलेल्या या गोष्टी आहेत: एका रुग्णालयाकडे माणसाला हिसकावून नेले जाते, दुसऱ्याकडे पाठीवरून.

ओसाड, देखणी, मृत्यूची सावली असलेली वास्तूच हवी असेल तर तीही परळमध्ये होती. आधी जेसुइट पाद्र्यांचा मठ, मग इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने वारल्या, आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार हिलचा आश्रय घेतला. नाचगाण्याचे दिवाणखाने असलेला, मालकिणीच्या मृत्यूनंतर टाकून दिलेला महाल! रामसे बंधूंना याहून काय हवे होते? पण १८९९ साली तिथे वाल्देमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली. जानेवारी १८९७ मध्ये स्वतःच्याच देहावर लस टोचून घेणारा हा माणूस त्या दिवाणखान्यांत लशीच्या कुप्या भरवू लागला. आजची हाफकिन संस्था तीच. भूत राहायला येण्याआधीच तिथे काम सुरू झाले.

आता मराठी चित्रपटाकडे येते. विशाल फुरिया यांचा 'बळी' ९ डिसेंबर २०२१ रोजी प्राइम व्हिडिओवर आला. 'लपाछपी'मध्ये उसाच्या फडातून भय उभे करणारा हा दिग्दर्शक इथे रुग्णालयात शिरतो. स्वप्नील जोशी यांनी साकारलेला मध्यमवर्गीय विधुर बाप, आजारी पडलेला त्याचा मुलगा, 'जनसंजीवन' नावाचे रुग्णालय, आणि तिथल्या बंद पडलेल्या भागात राहणाऱ्या एलिझाबेथ नावाच्या परिचारिकेशी मुलाचे चाललेले बोलणे. शेवट सांगत नाही, पाहिला नसेल तर पाहा.

माझे मत असे की 'बळी'तला बंद भाग आणि ती इंग्रजी नावाची परिचारिका हे आयात केलेले सामान आहे. ते वेव्हर्ली हिल्सहून, गोनजियामहून आले आहे. पण चित्रपटाचे मर्म दुसरीकडे आहे, आणि तिथे तो अस्सल इथला आहे. मुलाला नेमके काय झाले हे बापाला उमगत नाही. तो मार्गिकेत ताटकळतो, कागदांवर सह्या करतो, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहतो. पोटचे पोर आत आहे आणि आपण बाहेर. हे रुग्णालय चालू आहे, दिवे लागलेले आहेत, परिचारिका ये-जा करत आहेत, आणि तरी भीती वाटते. १८९६ सालच्या गिरणीकामगाराला हा बाप लगेच ओळखू आला असता. दिग्दर्शकाने त्या मार्गिकेवर अधिक विसंबायला हवे होते आणि बंद दारावर थोडे कमी, असे मला राहून राहून वाटते.

हेच बंद गिरण्यांविषयीही म्हणता येईल. कुलाब्याच्या मुकेश मिलच्या भग्नावशेषांत वर्षानुवर्षे चित्रीकरणे झाली, ती जागा झपाटलेली असल्याच्या कहाण्याही पसरल्या. पण पडद्यावरच्या त्या अवशेषांत साच्यावर काम केलेला एखादा कामगार कुणाला भेटल्याचे मला आठवत नाही. तिथे नेहमी कुणीतरी पांढऱ्या साडीतली अनोळखी बाई भेटते.

आता मित्राच्या त्या वाक्याकडे. 'तो भाग झपाटलेला वाटतो.'

माझे आजोबा गिरणीत होते. माझ्या जन्माआधी त्यांना क्षय झाला आणि ते औषधोपचाराने पूर्ण बरे झाले. पण घरात त्यांचे ताट, वाटी आणि पेला वेगळे ठेवलेले होते ते वेगळेच राहिले. बरे झाल्यावर वीस वर्षांनीही. आजी ती भांडी शेवटी घासायची. मी लहानपणी एकदा त्या पेल्यातून पाणी प्यायले, तेव्हा आईने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच रडू लागली. आजोबा पलीकडच्या खोलीत होते, त्यांना सगळे ऐकू गेले असणार. आमच्या घरात भूत कधीच कुणी पाहिले नाही. तो पेला मात्र मी रोज पाहत होते.

म्हणून चालू क्षयरोग रुग्णालयाला कुणी झपाटलेले म्हटले की मला ते निरुपद्रवी वाटत नाही. खोकला तीन आठवडे अंगावर काढणारा माणूस आधीच त्या फाटकातून आत जायला कचरत असतो. शेजारी पाहतील, पोरीचे लग्न मोडेल, मालक काढून टाकेल. त्यात आपण मध्यरात्री टॉर्च घेऊन फाटकाबाहेर कुजबुजत चित्रफीत काढायची आणि हजारो लोकांना सांगायचे की इथे आत गेलेले परत येत नाहीत. १८९६ साली ही अफवा पसरवणाऱ्यांपाशी निदान कारण होते. क्षयावर आज औषध आहे, आत गेलेले बहुतेक लोक परत येतात, आणि ते परत येतात हीच बातमी पोचत नाही. मार्च २०२० मध्ये १८९७चाच साथरोग कायदा लागू झाला, कस्तुरबात पुन्हा विलगीकरण सुरू झाले, तेव्हा आपल्याच सोसायट्यांत शेजाऱ्यांच्या दाराकडे कसे पाहिले गेले ते आपण विसरलो नसू अशी आशा आहे.

मित्राला मी हे सगळे फोनवर सांगितले. तो शांतपणे ऐकत होता, चांगला मुलगा आहे. मग म्हणाला, "बरोबर आहे गं. पण हजार गिरणीकामगार मी कुठून आणू? माझ्याकडे पाच मुले आणि एक कॅमेरा आहे."

मी म्हटले, हजार नकोत. ऑक्टोबर १८९६, आर्थर रोड रुग्णालयाचे फाटक. एक बाई सकाळी फडक्यात भाकरी बांधून येते आणि शिपायाला म्हणते, आत माझा नवरा आहे. शिपाई फडके घेतो. संध्याकाळी तेच फडके रिकामे, घडी घालून परत देतो. दुसऱ्या दिवशी तसेच. तिसऱ्या दिवशीही तसेच. चौथ्या दिवशी फडक्यातली भाकरी तशीच परत येते आणि शिपाई काहीच बोलत नाही. कॅमेरा आत न्यायचाच नाही. एक फाटक, दोन नट, एक फडके.

तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "फाटक कुठे मिळेल?"

कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी एक जुने लोखंडी फाटक आहे. रविवारी आम्ही ते पाहायला जाणार आहोत, सकाळी, उजेडी.